धुरा दोघांचा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय अन् घाटाखाली काय, शेताचं कुंपण म्हणजे पूर्वी काट्याचं. बोरी-बाभळीच्या फांद्या तोडायच्या, धुऱ्यावर रचायच्या, वर दगड ठेवायचे. पावसाळ्याआधी रचलेलं हे कुंपण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाळवीच्या नाहीतर चुलीच्या पोटात जायचं. दरवर्षी नव्यानं रचावं लागे, आणि दरवर्षी शेजारी येऊन म्हणे, "जरा इकडं सरकलं बरं का तुमचं." फांदी तिथल्या तिथं मागं ओढली जायची. भांडणं तेव्हाही होत, डोकीही फुटत. पण काट्याचं कुंपण हलवता येत होतं.

आता सिमेंटचे खांब आले, लोखंडी अँगल आले, काटेरी तार, जाळी आणि सौर झटका मशीन आलं. गरज खरी आहे. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं जिल्ह्यातलीच, पण रोही अन् रानडुकरं हद्द पाहून चरत नाहीत. उभा मका एका रात्रीत लोळवतात. जागल करून करून माणसं थकली. म्हणून माझ्या भाच्यानं मेहकर तालुक्यात कुंपणाचा धंदा काढला. खांब रोवणं, तार ओढणं, झुडपं तोडून धुरे साफ करणं. चार पोरं, सब्बल, पान्हे आणि भाड्याची गाडी. गावात राहून चार हातांना काम देणारा धंदा. त्याला नाव कोण ठेवील?

तरी या धंद्यात एक पेच आहे. शिंप्यानं माझा सदरा शिवला म्हणून शेजाऱ्याचा सदरा आखूड होत नाही. कुंपणाचं तसं नाही. पैसे देणारा एक असतो, पण काम दोघांच्या मधोमध होतं. मग बांधणाऱ्यानं इमान कुणाशी राखायचं?

कुणी म्हणेल, यात विचार कसला? गिऱ्हाईक दाखवील तिथं खड्डा खोदावा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी आहे, तलाठी आहे, तहसीलदार आहे. यात तथ्य आहे. खांब रोवणाऱ्यानं न्यायाधीश होऊ नये. पण खड्डा खोदायला अर्धा तास लागतो, आणि चुकीच्या जागी रोवलेला खांब हलवायला कधी कधी एक पिढी जाते. सिमेंट वाळलं की वितभर अन्याय दगडासारखा पक्का होतो. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण त्याला खायला घालणारे हात माणसाचेच असतात.

वाटेचंही तसंच. धुऱ्यावरून मागच्या शेतात जाणारी बैलगाडीची वाट सातबाऱ्यावर नसते, सवयीत असते. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चा, जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143 हे 1966 चं. दोन्हींत अडवलेल्या वाटेची दाद मागता येते. पण पेरणी तोंडावर आली असताना अर्ज घेऊन तालुक्याला कोण पळणार? ती वाट राहील की बुजेल, हे त्या दिवशी सब्बल धरणाऱ्याच्या हातात असतं.

आणि जनावरांचं काय? 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो कोस चालत आमच्या ज्ञानगंगेत आला. त्याच्या वाटेत किती धुरे आले असतील! जनावर कुंपणाशी थांबत नाही, वळसा घालतं. माझं शेत बंद झालं की कळप शेजारच्या उघड्या शेतात शिरतो, आणि ते शेत बहुतेक वेळा ज्याच्याजवळ तारेला पैसे नाहीत त्याचंच असतं. रूसो नावाच्या विचारवंतानं 1755 मध्ये, जमिनीला पहिलं कुंपण घालून 'हे माझं' म्हणणाऱ्या माणसापासून समाजातल्या विषमतेची गोष्ट सांगितली. त्यानं डुकरांसाठी जागल केली नसावी. केली असती तर त्यालाही तार हवीशी वाटली असती. तरी त्याची शंका उडवून लावता येत नाही. कुंपण नुकसान संपवतं की नुसतं पुढं ढकलतं?

इथं एक साधा हिशेब मांडून पाहा. एका एकराचा चौकोन धरला तर घेर सुमारे 835 फूट. दर 10 फुटांवर खांब धरला तरी 80 च्या वर खांब. लागून लागून असलेल्या चार शेजाऱ्यांनी आपापला एकर वेगळा बांधला तर 3340 फूट काम. चौघांनी मिळून बाहेरून एकच घेर घातला तर 1670 फूट. निम्मा खर्च, मधली वाट मोकळी, आणि कळप गरिबाच्या शेतात लोटला जात नाही.

हा हिशेब गिऱ्हाइकाला सांगायचा की नाही? सांगितला तर धंदा निम्मा. भाच्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "मामा, पैसे एक जन देते, पन धुरा तं दोघायचा हाये. मले तिथून रोज जा-ये करा लागते." तो हिशेब सांगतो. काही शेजारी एकत्र येतात, बरेच येत नाहीत. भावाभावांत बोलणं नसतं तिथं सामाईक तार कुठून येणार? जे येतात त्यांच्याकडून तो वर्षभराच्या देखभालीचं काम मागतो. झटक्याच्या तारेला गवत टेकलं की झटका मातीत जातो, म्हणून पावसाळाभर धुरा साफ ठेवावा लागतो. खांबांत गेलेले पैसे तो विळ्यावर थोडेथोडे भरून काढतो.

दोन गोष्टी मात्र तो करत नाही. शेजारी हजर नसताना पहिला खड्डा खोदत नाही. आणि तारेत घरची लाईन सोडून द्या म्हणणाऱ्याचं काम घेत नाही. मशीनचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं. लाईनचा करंट सोडत नाही. रात्री मोटार सुरू करायला निघालेला शेजारीही त्याला रानडुकरासारखाच. यापायी त्याची काही गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. तिथं ती कामं झालीही असतील.

मग त्याच्या नकारानं काय साधलं, असं लोक विचारतात. जगातला अन्याय थांबला नाही, हे खरं. पण आपल्या हातानं झाला नाही, एवढं म्हणण्याचा हक्क माणसाला पोटापाण्याच्या धंद्यातही राखता यावा. तो फुकट मिळत नाही. त्याला कधी निम्मे खांब द्यावे लागतात. माझ्या मते तो सौदा महाग नाही.