मुक्या जिवाची संमती

गिनीपिग हा कळपात रमणारा प्राणी. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये त्याला एकटे पाळण्यास कायद्याने मनाई केली. मग मादीला सोबत म्हणून नर आणण्यापूर्वी तिच्यावर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करावी काय? मोठ्या वयातील पहिली गर्भधारणा तिच्या जिवावर बेतू शकते, हे खरे. परंतु पोट उघडणेही जोखमीचेच, आणि संमती तिला देता येत नाही. त्यामानाने नराची शस्त्रक्रिया सोपी. नंतर सुमारे सहा आठवडे त्याला वेगळे ठेवावे लागते, इतकेच. दुसरी मादी आणल्यास शस्त्राचीच गरज नाही. बीजकोशात गाठी झाल्यास गोष्ट निराळी. तेव्हा शस्त्र तिच्याच हितासाठी चालते. आम्हांला वाटते, आपल्या उतावीळपणाला तिचे हित म्हणू नये. वाट पाहण्याचा भार आपणच उचलावा.