आणलेले आणि आलेले



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाच्या दिवशी, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली हा दिन ठरवून दिला. त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, रुग्णाभ्यंग दिला जातो. मागच्या वेळी एका आजीबाईंना चौघा तरुणांनी खुर्चीसकट उचलून दारापुढच्या सहा पायऱ्या चढवल्या. मिस्सेनंतर आम्ही त्यांना म्हटले, "आजी, आलात, बरे वाटले." त्या हसून म्हणाल्या, "आले कुठे? आणली मला. आता नको पुन्हा, पोरांना त्रास."

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. उचलणारे तरुण मनाचे चांगलेच आहेत. पण ज्याला उचलायचे त्याला दर वेळी कुणाला तरी विचारावे लागते, सर्वांच्या नजरा झेलाव्या लागतात आणि दर वेळी आभार मानावे लागतात. म्हणून अशी माणसे नातवाच्या लग्नाला येतात, सणाला येतात. साधा रविवार मात्र सोडून देतात. देवाच्या घरी जायला लेकराने उपकार का मागावेत?

ह्यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की आपल्याकडे व्हीलचेअरवर येतेच कोण? पण पायऱ्या आहेत म्हणून ते येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून रॅम्प नको, हा न्याय कसला? पहिल्या शुक्रवारी फादर घरोघरी कम्युनियन घेऊन जातात, ही मोठी कृपा आहे. मात्र जो माणूस रिक्षाने बँकेत जातो, दवाखान्यात जातो, त्याने चर्चला तेवढे घरी बसावे, ह्यासाठी ती सोय नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे चर्च जुने आहे. ह्या पायऱ्यांचे दगड आपल्या पूर्वजांनी घामाने घडवले, ते कसे मोडायचे? ही भावना आम्हांलाही आहे. जुन्या वास्तूवर फरशी आणि सिमेंट थापून तिचे रूप घालवलेले आपण ठिकठिकाणी पाहतो. परंतु रॅम्प करायला पायरी फोडावीच लागते असे नाही. मूळ बांधकामाला धक्का न लावता, बाजूने, उद्या काढता येईल असा वेगळा रॅम्प उभारता येतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे त्याचे सर्वमान्य माप. आपल्या सहा पायऱ्यांची उंची तीन फूट धरली, तर छत्तीस फूट लांबी आणि दोन्ही बाजूंना कठडा लागेल. अंगणात तेवढी जागा आहे.

रॅम्पने शोभा जाते, हेही खरे नाही. लूर्दला १८८९ साली पूर्ण झालेल्या रोझरी बॅसिलिकाच्या दोन्ही बाजूंना वरच्या चर्चकडे नेणारे दोन विशाल वळणदार उतार आहेत. पसरलेल्या दोन बाहूंसारखे ते दिसतात. आज तेच त्या ठिकाणाची ओळख आहेत.

कफर्णहूमला तर चौघांनी पक्षाघाती मित्रासाठी छप्परच उघडले. ते घर कुणाचे तरी होते, ते छप्परही कुणी तरी कष्टाने शाकारले असेल. येशूने छपराची भरपाई मागितली नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. आणि बरा झालेला तो माणूस परत जाताना स्वतःच्या पायांनी, आपली बाज उचलून गेला. त्याला पुन्हा कुणी उचलावे लागले नाही.

ख्रिस्तसभेने आपल्या नियमांतील पायऱ्याही काढल्या आहेत. १९१७ च्या धर्मसंहितेत वेदीसेवेला आड येणारे शारीरिक व्यंग हा याजकदीक्षेतील अडथळा गणला जाई. १९८३ च्या संहितेत तो नियम उरला नाही. आपल्या देशातही २०१६ साली दिव्यांगांसाठी जो कायदा झाला, तो दयेची नव्हे, हक्काची भाषा बोलतो. मग दगडाची पायरी आपल्याला का अडवते?

एक सावधगिरी मात्र हवी. रॅम्प मागच्या दाराला, सामानाच्या खोलीशेजारी नको. शक्यतो सर्वजण शिरतात त्याच दाराशी हवा. आत एखादे बाक थोडे आखूड करावे, म्हणजे व्हीलचेअर कुटुंबासोबत राहील, वाटेत नाही. वाचनाचा माईक खाली घेता यावा. ज्याला आत घेतले, त्याला वाचनालाही बोलवावे.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढे करू या. आपापल्या आळीत चर्चला यायचे थांबलेले कोण आहेत, त्यांच्या घरी जाऊ या. "तुम्हांला काय हवे?" हे आपण ठरवण्याआधी त्यांनाच विचारू या आणि पॅरिश कौन्सिलला कळवू या. पुढच्या रुग्णदिनी त्या आजीबाईंनी "मी आले" असे म्हणावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.