नगराचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु मोडकळीस आली म्हणजे मनुष्यापुढें दोन मार्ग असतात. ती टाकून नवी आणावी, किंवा तीच दुरुस्त करून वापरावी. भांडें असो, वस्त्र असो, हा निर्णय घरोघरीं रोज होत असतो व त्यांत कांहीं तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असें कोणास वाटत नाहीं. परंतु मोडकळीस आलेली वस्तु एखादें संपूर्ण नगर असेल तर प्रश्न केवळ काटकसरीचा राहत नाहीं. नगरांत माणसें राहतात. आणि दुरुस्ती कोणाच्या सोयीसाठीं व कोणाच्या खर्चानें करावयाची, हें ठरविणें नीतीच्या प्रांतांत येतें.

अमेरिकेंतील जुन्या औद्योगिक शहरांपुढें हा प्रश्न गेलीं कित्येक वर्षें उभा आहे. त्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मिशिगन संस्थानांतील डेट्रॉइट, मोटारीच्या धंद्याची राजधानी. १९५० च्या खानेसुमारींत तेथें सुमारें १८ लक्ष ५० हजार लोक होते. २०२० सालीं ते ६ लक्ष ४० हजारांहूनही कमी भरले. हा ऱ्हास वार्धक्यासारखा आपोआप आलेला नव्हता. कारखाने उपनगरांत व परप्रांतांत गेले. सरकारी हमीचें गृहकर्ज गोऱ्यांस उपनगरांत सहज मिळे, काळ्या नागरिकांस बहुधा नाकारलें जाई. उपनगरांकडे धांवणाऱ्या मोटारींसाठीं मोठे रस्ते काढले, तेही गरिबांच्या घरांवरून. 'ब्लॅक बॉटम' नांवाची काळ्या लोकांची गजबजलेली वस्ती १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अशीच भुईसपाट झाली; आणि त्या कामासही त्या वेळीं 'नगराचें नूतनीकरण' असेंच गोंडस नांव होतें.

१८ जुलै २०१३ रोजीं या शहरानें दिवाळें काढलें. देणें सुमारें १८ अब्ज डॉलरांचें होतें व रस्त्यावरील दिव्यांपैकीं शेंकडा चाळीस विझलेले होते. त्यानंतर मात्र पालट दिसूं लागला. २०१६ अखेर ६५,००० नवे दिवे लागले. १९१३ मध्यें उघडलेलें व १९८८ पासून ओसाड पडलेलें भव्य रेल्वे-स्टेशन फोर्ड कंपनीनें २०१८ सालीं विकत घेतलें आणि दुरुस्त करून २०२४ च्या जूनमध्यें लोकांस खुलें केलें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजांत, १९५७ नंतर प्रथमच, लोकसंख्या वाढल्याचें आढळलें.

ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे यांत शंका नाहीं. भाजलेल्या प्रत्येक विटेंत जळालेलें इंधन व मजुराचे श्रम सांठविलेले असतात. इमारत पाडली कीं तें सर्व वायां जातें, व नवी बांधावयाची तर पुन्हां तितकाच धूर आकाशांत सोडावा लागतो. जेन जेकब्स या विदुषीनें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत जुन्या इमारतींचें आणखी एक महत्त्व दाखविलें आहे: त्यांचें भाडें कमी असल्यामुळें लहान धंद्यास व नव्या कल्पनेस तेथेंच आसरा मिळतो. तेव्हां असलेलें टिकवावें, हा उपदेश शहाणपणाचाच होय. प्रश्न उरतो तो 'असलेलें' या शब्दांत काय काय धरावें, याचा.

आपल्याकडे नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्याचा मानतात. त्याचा विधि मोठा मार्मिक आहे. गाभाऱ्याचें काम काढण्यापूर्वीं मूर्तींतील देवत्व कलशांत आवाहन करून ठेवतात. दगड-चुना बदलतो, शिखर नवें होतें. परंतु काम संपल्यावर त्याच देवतेची तेथें पुन्हां प्रतिष्ठा करतात. देवता परत न आणतां देऊळ कितीही सुंदर केलें, तरी त्यास जीर्णोद्धार म्हणतां येणार नाहीं. नगराच्या बाबतींत ही देवता कोण? ज्यांनीं पडत्या काळांत तें सोडलें नाहीं ते रहिवासी, असें माझें उत्तर आहे.

डेट्रॉइटमध्यें या देवतेची संभावना कशी झाली? घरांच्या किंमती कोसळल्यावरही करआकारणी बरींच वर्षें जुन्या चढ्या किंमतींवर चालू राहिली, आणि कर थकल्यामुळें हजारों कुटुंबांचीं घरें जप्त होऊन लिलावांत गेलीं. २०१४ सालीं पाणीपट्टी थकलेल्या हजारों घरांचें पाणी तोडलें. त्यावर संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनीं मानवी हक्कांच्या नांवानें आक्षेप घेतला. शहर सावरूं लागलें त्याच वर्षांत, त्याला धरून राहिलेल्यांचे हात सुटत होते.

जमिनीची गोष्टही विचार करण्याजोगी आहे. आपल्या खेड्यांत शेतजमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात. डेट्रॉइटमध्यें पांढरीची पुन्हां काळी झाली आहे; पडलेल्या घरांच्या जागीं भाजीचे वाफे दिसतात. याचीही तेथें परंपरा आहे. १८९४ सालीं मंदीच्या दिवसांत पिंग्री नांवाच्या नगराध्यक्षानें पडीक जागा गरिबांस बटाटे लावण्यासाठीं दिल्या होत्या. अलीकडे, २०१२ च्या डिसेंबरांत, नगरसभेनें सुमारें दीड हजार मोकळे तुकडे एका धनिकाच्या संस्थेस झाडें लावण्यासाठीं विकण्यास मान्यता दिली, तेव्हां जमीन बळकावल्याची ओरड झाली. उलट, नगराच्या भूमि-पेढीनें घरालगतचा मोकळा तुकडा शेजाऱ्यास शंभर डॉलरांत देण्याची सोय केली. झाड दोहींकडे सारखेंच वाढतें व सावलीही सारखीच पडते. परंतु पहिल्या व्यवहारांत शेजारी झाडाकडे पाहणारा राहतो, दुसऱ्यांत तो त्याचा धनी होतो.

आतां एका वजनदार आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हें नगर सुमारें १४० चौरस मैलांचें. अठरा लक्षांच्या मापानें घातलेले रस्ते, नळ व गटारें सहा लक्षांनीं कशीं पोसावीं? एखाद्या ओसाड आळींत एकच वृद्ध स्त्री राहते अशी कल्पना करा. तिच्यासाठीं दिवा, कचऱ्याची गाडी व आगीचा बंब ठेवणें ही उधळपट्टी नव्हे काय? विरळ वस्त्यांतील लोक हलवून एकत्र वसवावे, असें २०१० च्या सुमारास नगराध्यक्षांनींच बोलून दाखविलें होतें, व त्यामुळें रहिवाशांत मोठा क्षोभ झाला. हिशेब म्हणून त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु त्या वृद्धेचाही एक हिशेब आहे. शेजार ओस पडल्यावर दारापुढलें गवत तिनें कापलें, आळीवर नजर तिनें ठेवली, कर तिनें भरला. कायद्यांत जिला वहिवाट म्हणतात तिच्यासारखाच हा हक्क सांभाळ केल्यानें उत्पन्न झाला आहे. शिवाय ब्लॅक बॉटममधून उठविलेल्यांच्या मुलांस 'लोकहितासाठीं' हा शब्द अपरिचित नाहीं. तिला विचारून, चांगलें घर देऊन, तिच्या संमतीनें हलविलें तर तो न्याय्य व्यवहार होईल. दिवा विझवून हलविलें तर ती हकालपट्टी होईल. वाचणारा पैसा दोहोंत सारखाच. आणि तिनें नकारच दिला तर? तर तिच्या हयातीपुरता तो दिवा जळत ठेवावा, असें मला वाटतें. तो खर्च म्हणजे दान नव्हे. तें जुनें देणें आहे.

नव्यांनीं येऊंच नये, असा याचा अर्थ नाहीं. नगर ही कोणाची वतनदारी नव्हे. तेथील पुष्कळ काळ्या कुटुंबांचे पूर्वजही दक्षिणेकडून पोटासाठींच आले होते. नव्यांच्या करांवांचून दिवेही जळणार नाहींत. मागणें एवढेंच कीं, येणाऱ्यासाठीं असलेल्यास उठवूं नये.

१८०५ सालीं हें गांव आगींत जळून खाक झालें, तेव्हां तेथील एका धर्मगुरूनें अधिक चांगल्या दिवसांची आशा व राखेंतून पुन्हां उठण्याची खात्री व्यक्त केली. ते शब्द नगराच्या मुद्रेवर कोरलेले आहेत. हें उठणें खरें कीं खोटें याची कसोटी स्टेशनच्या झळाळींत किंवा खानेसुमारीच्या आंकड्यांत सांपडणार नाहीं. अंधाराच्या वर्षांत जे तेथें राहत होते, त्यांपैकीं किती जण नव्या दिव्यांच्या उजेडांत आपल्याच ओट्यावर बसलेले आहेत, तें मोजावें.