दाद आपली, गाणं कुणाचं?

कॅसेटच्या लेबलवर तात्यांचं अक्षर : ‘उरूस, रात्र दुसरी’. आतली फेल्टची गादी गळून पडलेली, फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मी फीत पुसून दुसऱ्या डबीत चढवली आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातली ती जुनी मैफल पुन्हा वाजू लागली. गाणाऱ्या बाई आता हयात नाहीत. संगणकावर उतरवायला तात्यांची ना नव्हती. नेटवर टाकते म्हटल्यावर मात्र ते अडून बसले.

“बाईंनी मशीन बंद करायला सांगितलं होतं. मी शालीखाली सरकवलं.”

“मग जे व्हायचं ते तेव्हाच झालं. आता लपवून काय साधणार?”

“चोरून ठेवणं निराळं, ते गावभर वाटणं निराळं.”

“केसरबाई केरकरांनाही मैफलीत टेप चालत नसे. तरी ज्यांनी त्यांचं मानलं नाही, त्यांच्याचमुळे त्यांच्या मैफली राहिल्या. तुम्ही त्या ऐकता की.”

“ऐकतो. लाजही वाटते, आणि ऐकतोही. पण 1977 साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली ती त्यांची भैरवी रेकॉर्डवरची, म्हणजे त्यांनी स्वतः देऊ केलेली. अब्दुल करीम खाँसाहेबांचंही तसंच. 1937 साली ते गेले, इथं दर्ग्यातच त्यांची कबर आहे. पण तीन-साडेतीन मिनिटांत काय बसवायचं नि काय गाळायचं, ते त्यांनी ठरवलं. आपल्या हाती आलं ते त्यांनी दिलेलं.”

हा मुद्दा मला टोचला. तीन मिनिटांची तबकडी आपण तोकडी म्हणतो, पण तिच्यात गाणाऱ्याचा होकार असतो. तासाभराच्या चोरट्या फितीत गाणं भरपूर, होकार तेवढा नाही.

“पण दर्ग्यात तिकीट नव्हतं, तात्या. सगळ्या गावानं ऐकलं.”

“बाई गावासाठी गात नव्हत्या. खाँसाहेबांपुढं हजेरी लावायला आल्या होत्या. आपण बाजूला बसून ऐकलं, इतकंच. दुसऱ्याच्या नैवेद्यावर आपला हक्क कसला?”

“कॉपीराइटच्या कायद्यात कलाकाराचा हक्क आला 1994च्या दुरुस्तीनं. तुमची फीत त्याच्या आधीची.”

“कायद्याला विचारून मी शाल पांघरली नव्हती.”

मी फीत पुढे नेली. जुन्या कॅसेटमध्ये एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, त्यामुळे बाईंचा षड्ज लागायच्या आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. मी म्हटलं, ही सावली, खोकला, मधली कुजबुज सगळं साफ करते, निदान गाणं तरी नीट जाईल.

“उलटं कर,” तात्या म्हणाले. “गाणं काढ, बाकीचं नेटवर टाक. ‘वा’ म्हणणारा मी. खोकणारे वकीलसाहेब. आणि हे ऐक, दोन चिजांच्या मध्ये. सतारमेकर गल्लीतला कारागीर वर जाऊन तंबोऱ्याची जवारी बघतोय. घोडीवरचा दोरा सरकवला की कसा झंकार खुलतो बघ. त्याची नातवंडं आज तेच काम करतात. त्यांना दे.”

“गाण्यावाचून नुसती दाद कोण ऐकेल?”

“कोणी ऐको न ऐको. देण्यासारखं आपलं म्हणून तेवढंच आहे.”

मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. ज्या भैरवीसाठी माणसं रात्रभर थंडीत बसली, ती कापून त्यांचे खोकले जपायचे? पण खोडून काढायलाही काही सुचेना.

“बाईंच्या मुलीला विचारू?”

“विचार. ती हो म्हणाली तर तो तिचा होकार. बाईंचा नव्हे.”

“म्हणजे आता कोणीच देऊ शकत नाही?”

“तू देशीलच. मी जाईपर्यंत थांब म्हणजे झालं.”

“म्हणजे बाईंचा नकार तुम्ही मोडलात, तसा तुमचा मी मोडायचा?”

“शाल हवी असेल तर कपाटात आहे,” तात्या म्हणाले.