गुरुऋण आणि श्रेय

इंदुरातील जुन्या मराठी घरांतील मुले पूर्वी होळकर संस्थानच्या चाकरीत जात. पुढे ती राज्य शासनात आणि बँकांत जाऊ लागली. आता त्यांतील काही संशोधनाकडे वळली आहेत. १९८४ साली येथे स्थापन झालेले आणि आज राजा रामण्णांच्या नावाने ओळखले जाणारे प्रगत प्रौद्योगिकी केंद्र, तसेच २००९ साली आलेली आयआयटी यांमुळे शेजारच्या घरातील मुलगी पीएच.डी. करते आहे याचे कोणास नवल वाटत नाही. वडीलधारी मंडळी या मुलांना दोन प्रश्न हमखास विचारतात : शिष्यवृत्ती किती मिळते, आणि नोकरीत कायम केव्हा होणार? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मात्र तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तुझ्या हातून जे काम होईल ते कोणाच्या नावावर प्रसिद्ध होणार, आणि ते ठरविताना मार्गदर्शकाविषयीची कृतज्ञता कुठवर आड येऊ द्यायची?

आमचे आयुष्य शासकीय नस्त्यांत गेले. तेथे कनिष्ठाने टिप्पणी लिहावी, मसुदा करावा आणि वरिष्ठाने सही करावी, असा क्रम असतो. मसुदा करणाऱ्याचे नाव आदेशावर येत नाही आणि त्याला त्यात अन्यायही वाटत नाही. कारण उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप आला किंवा विधानसभेत प्रश्न विचारला गेला, तर सही करणाऱ्याने उत्तर द्यावयाचे असते. (निदान नियम तरी तसा आहे, व्यवहारात काय घडते हे सेवानिवृत्तांस सांगावयास नको.) याच सवयीने प्रयोगशाळेकडे पाहून पुष्कळ पालक मुलांना समजावतात, ‘‘सरांचे नाव आधी असू दे, तुझे पुढे होईलच.’’ हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. आदेश शासनाचा असतो, सही करणारा त्याचा प्रतिनिधी असतो. शोधनिबंध ही मात्र साक्ष असते : आम्ही हे मोजले, आम्हांस हे आढळले. जो त्या कामात कोठेच नव्हता, तो साक्षीला कसा उभा राहणार?

या संदर्भात जोसलिन बेल यांचे उदाहरण वारंवार दिले जाते, आणि ते दिसते त्याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. केंब्रिज येथे अँटनी ह्यूइश यांनी एका रेडिओ दुर्बिणीची योजना केली होती. तिच्या उभारणीत उत्तर आयर्लंडमधून आलेली ही विद्यार्थिनी दोन वर्षे इतरांबरोबर राबली, आणि मग रोज सुमारे शंभर फूट कागदी आलेख डोळ्यांनी तपासू लागली. १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्या आलेखावर तिला जेमतेम पाव इंचाची एक विचित्र खूण दिसली. दुसऱ्या कोणी ती व्यत्यय समजून सोडून दिली असती. आकाशाच्या त्याच भागातून अशी खूण पूर्वीही आल्याचे तिला स्मरले. पुढे कागद वेगाने फिरवून नोंद घेतली तेव्हा सुमारे १.३३ सेकंदांच्या नियमित अंतराने येणारे ठोके उमटले. हे मानवनिर्मित असावेत, असे ह्यूइश यांना प्रथम वाटले. वर्षअखेरीस बेल यांनीच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच दुसरा स्रोत शोधला. स्पंदक ताऱ्यांचा शोध तो हाच. फेब्रुवारी १९६८ मधील निबंधावर पाच नावे होती. ह्यूइश पहिले, बेल दुसऱ्या. १९७४ चे नोबेल पारितोषिक ह्यूइश आणि मार्टिन राईल यांना मिळाले. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी याबद्दल उघड नापसंती व्यक्त केली.

स्वतः बेल यांनी मात्र १९७७ साली सांगितले, की प्रकल्पाचे यशापयश अंतिमतः मार्गदर्शकाच्या माथी असते, म्हणून श्रेयही त्याच्याकडे जाणे त्यांना गैर वाटत नाही. म्हणजे त्यांनी आमच्या कार्यालयाचाच नियम प्रयोगशाळेला लावला! त्यांच्या थोरपणाविषयी आम्हांस शंका नाही. २०१८ साली मिळालेल्या पुरस्काराचे तीस लाख डॉलर त्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो सोडून देणे हे त्याचे औदार्य झाले; इतरांनी त्या औदार्यावर हक्क सांगू नये.

उलट बाजूही मांडली पाहिजे. विषय सुचविणे, उपकरणासाठी पैसा उभा करणे, दहा फसलेल्या प्रयोगांनंतर अकरावा करावयास लावणे, हे मार्गदर्शकाचे काम विद्यार्थ्याला पुष्कळ उशिरा कळते. त्याने विचारात भाग घेतला असेल तर त्याचे नाव हक्काने यावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने याबाबत स्पष्ट निकष घालून दिले आहेत : केवळ निधी मिळविणे किंवा गटावर सर्वसाधारण देखरेख करणे यावरून लेखकपद मिळत नाही, आणि ज्याचे नाव छापले जाईल त्याने कामाविषयी जाब देण्यास तयार असले पाहिजे. विभागप्रमुखांचे नाव ‘प्रथा म्हणून’ घालणाऱ्यांनी या दुसऱ्या अटीवर थोडा विचार करावा. आकडे खोटे निघाले तर प्रथा जाब देणार आहे काय? गुरुदक्षिणा अवश्य द्यावी; पण साक्षीदाराची जागा ही दक्षिणेत देण्याची वस्तू नाही.

मग मार्गदर्शकाचे सारेच कठोर वर्तन त्याज्य मानावे काय? येथे आम्हांस आमच्याच गावच्या लेकीची आठवण होते. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, पुढे सोहोनी, यांचा जन्म १९११ साली इंदुरातच झाला. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षाधीन म्हणून ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेतले. वर्षाअखेरीस काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. तो अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या, आणि विसरावा असे आम्ही म्हणणार नाही. अट अन्याय्यच होती. तरीही ती तोंडावर सांगितली गेली होती, म्हणून तिच्याशी झुंजता आले. आजच्या तरुणांच्या वाट्याला येणाऱ्या अटी बहुधा कोणी बोलून दाखवीत नाही. चौथ्या वर्षी निबंधाचा मसुदा परत येतो तेव्हा नावांच्या ओळीत त्या प्रथम दिसतात.

म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की पहिल्या सहामाहीतच, काही हातात नसताना, नम्रपणे विचारावे : आपल्याकडे निबंधावरील नावे कशी ठरतात? तेव्हा या प्रश्नाला भांडणाचा वास येत नाही. झालेले बोलणे दोन ओळींच्या ई-मेलने आभार मानून कळवावे. प्रयोगाची वही रोज तारीख घालून लिहावी आणि आधी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना अनुभव विचारावा. शिफारसपत्र ज्याच्या हातात आहे त्याला नकार देणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. एकट्या विद्यार्थ्याच्या धैर्यावर हा भार टाकणे योग्यही नव्हे. विभागानेच नोंदणीच्या वेळी मार्गदर्शक आणि विद्यार्थी अशा दोघांच्या सहीचा एक कागद करून घ्यावा. एका पानाचे काम आहे, आणि नस्तीत तो कागद कोठे लावावा हे सांगणारे सेवानिवृत्त प्रत्येक गावात आहेत.