दोराचे दुसरे टोक

देवळातील पुजाऱ्याला गाभारा लाभतो; फौजेतील धर्मगुरूला मुक्काम लाभतो. बदलीचा हुकूम आला की घंटा, निरांजन व पोथी पुढच्या माणसाच्या स्वाधीन करावयाची आणि निघावयाचे. सियाचीनच्या पायथ्याच्या तळावरील आमची सेवा आता पूर्ण होत आली आहे. निघण्यापूर्वी येथे जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

सियाचीन ही सुमारे ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी. तिच्याच मुखातून लडाखची नुब्रा नदी उगम पावते. बाल्टी भाषेत या नावाचा अर्थ विपुल गुलाबांचे स्थान असा सांगतात. परंतु वर हिमावाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘मेघदूत’ मोहिमेत आपले जवान येथे चढले, तेव्हापासून सालतोरो रांगेवर अखंड पहारा आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. नोव्हेंबर २००३ मध्ये तोफा थंडावल्या, पण हिमकडे कोसळावयाचे थांबले नाहीत. येथे गोळीने गेलेल्यांहून थंडीने, विरळ हवेने आणि हिमप्रपाताने गेलेलेच अधिक.

अशा ठिकाणी नायब सुभेदाराच्या हुद्द्यावरील धर्मगुरूने करावयाचे काय? पूजा-आरती तर आहेच. शिवाय रुग्णालयातील आजाऱ्यांस भेटावे, बरे होणाऱ्यांसमवेत प्रार्थना करावी, आणि गेलेल्यांचे अंत्यसंस्कार करावेत. निरनिराळ्या धर्मांची उपासनास्थाने येथे एकाच छपराखाली नांदतात. खोबरेल गोठते, तूप दगडासारखे होते, फूल तर मिळतच नाही. शास्त्रकारांनी मानसपूजा का सांगितली, ते अशा जागी कळते.

जवान वरच्या चौकीवर जातो तो सुमारे तीन महिन्यांसाठी. निघताना तो तळावरील ओ. पी. बाबांच्या स्थानापुढे उभा राहतो आणि वरिष्ठांस द्यावी तशी वर्दी देतो. परतल्यावर पुन्हा देतो. मग कधी एखादा तरुण आमच्याजवळ येऊन हळूच विचारतो, “पंडितजी, परत येईन ना?”

या प्रश्नाला सोपे उत्तर आहे. श्रद्धा ठेव, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही, असे म्हणावे आणि गंध लावून पाठवावे. परंतु हे उत्तर आम्ही देत नाही, आणि आमच्या जागी येणाऱ्यानेही देऊ नये असे आम्हांस वाटते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. श्रद्धावंत सुखरूप परततो असे म्हणावे, तर त्या दहांच्या श्रद्धेत उणे होते असे म्हटल्यासारखे होईल. मृतांचा याहून मोठा अपमान कोणता? आणि त्यांच्या मातांना आपण काय सांगणार? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनापुढे मरण आणि जय या दोन्ही गोष्टी उघड मांडल्या, आणि मगच त्याला उठावयास सांगितले. जे भगवंतांनी झाकले नाही, ते आम्ही कशाला झाकावे?

मग त्या तरुणाला द्यावे तरी काय? हिमनदीवर चालणारी तुकडी एकाच दोराने परस्परांस बांधलेली असते. वाटेत भेग उघडणार नाही, असे वचन दोर देत नाही. तू पडलास तर तुझा भार बाकीचे पेलतील, एवढेच तो सांगतो. धर्म हा शब्दही ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासूनच आला आहे. धर्म संकट टाळतो असे नव्हे. संकटात तो माणसाला धरून ठेवतो.

सोनमच्या त्या दहांपैकी एक लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद, धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे. शोधपथके रात्रंदिवस बर्फ कापीत राहिली, आणि सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांनी देह ठेवला. तीन दिवसांच्या आयुष्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, ते बर्फाखाली एकटे गेले नाहीत. आपली माणसे आपल्यासाठी आली, हे त्यांच्या बाबतीत खरे ठरले. ते बर्फ कापणे हेच त्या दिवसांतील सर्वांत मोठे अनुष्ठान होते. म्हणून त्या तरुणाला आम्ही म्हणतो, “बाळा, पुढचे मला ठाऊक नाही. पण तुला आम्ही सोडणार नाही, आणि देवही सोडणार नाही.”

वाचकहो, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि भोवतालच्या गावांत फौजेत गेलेल्यांची घरे पुष्कळ आहेत. सीमेवरील मुलासाठी आपण नवस बोलता, अभिषेक करता, ते उचितच आहे. परंतु देवळातून परतताना त्या मुलाच्या घराची कडीही वाजवावी. त्याच्या वृद्ध पित्याचे औषध संपले आहे काय, दूरध्वनी लागत नसलेल्या दिवसांत त्या माउलीजवळ बसावयास कोणी आहे काय, हे पाहावे. वर बांधलेल्या त्या दोराचे दुसरे टोक येथे आपल्या हाती आहे.

आम्ही येथून निघालो तरी सायंकाळची आरती चुकणार नाही. घंटेवर दुसरा हात असेल. सेवेकरी बदलावा आणि सेवा अखंड चालावी, यातच सेवेचे सार्थक आहे. वर गेलेल्या लेकरांना आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांना धीर लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.