शेरा उघड झाला, बोलणं राहिलं

नागपुरातल्या सक्करदरा चौकातल्या एखाद्या गजबजलेल्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की नोकराच्या कामाचं मूल्यमापन कसं होतं ते पाहायला मिळतं. "काहून बे, गिऱ्हाईक कवाचं उभं आहे ना!" एवढंच. चूक घडली, लगेच ऐकवली, विषय संपला. त्याच सक्करदऱ्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. राज्यातल्या इतर सरकारी नोकरांप्रमाणे तिथल्या नोकरालाही आपलं काम साहेबांना कसं वाटलं हे कागदोपत्री कळतं ते मार्च उलटल्यावर, अहवालाच्या रकान्यांतून. दुकानदाराचं बोलणं वेळेवर येतं, पण चारचौघांत माणसाची शोभा होते. अहवालात शोभा होत नाही, मात्र सुधारायची वेळ निघून गेलेली असते.

माणसाला त्याच्या कामाबद्दल कधी, कोणी आणि कशासाठी सांगायचं, हा प्रश्न नागपुरात जुना आहे. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, तेव्हा मोठी डोकेदुखी गैरहजेरीची होती. कोणत्याही दिवशी पाचातला एक कामगार आलेलाच नसे. दंड लावणं हा सरळ मार्ग होता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी तो धरला नाही. त्यांनी भविष्य निर्वाह निधी आणला, अपघातासाठी विम्याची सोय केली, कुटुंबासह खेळांचे दिवस भरवले आणि चांगल्या कामगारांना घड्याळं, सोन्याच्या साखळ्या अशी बक्षिसं दिली. माणूस कामावर का येत नाही, हे आधी विचारावं, ही त्यातली खरी नवी गोष्ट होती. बक्षिसाची मर्यादाही तिथेच दिसते. ज्याला घड्याळ मिळालं त्याला आपण चांगले आहोत हे कळलं. ज्याला मिळालं नाही, त्याचं नेमकं काय चुकतंय हे बक्षीस समारंभात कोण सांगणार?

स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कच्या गिरणीत रॉबर्ट ओवेननं त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसरा मार्ग काढला होता. प्रत्येक कामगाराजवळ चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असे: काळा म्हणजे वाईट, मग निळा, पिवळा, आणि पांढरा उत्तम. कालचं काम जसं, तशी बाजू समोर. शेरा पटला नाही तर थेट ओवेनकडे दाद मागता येई. सगळ्यांसमोर रंग टांगणं क्रूरच म्हणायचं, पण दाद मागण्याची ती सोय आपल्या सरकारी व्यवस्थेला पुढे फार उशिरा सुचली.

आपल्याकडे रुजला तो गोपनीय अहवाल. साहेबानं लिहायचं, कपाटात ठेवायचं, आणि शेरा प्रतिकूल असेल तरच संबंधिताला कळवायचं. महाराष्ट्रातल्या प्रतवारीत 'चांगला'च्या वर 'निश्चित चांगला' अशी एक पायरी आहे. नुसता 'चांगला' म्हणजे काय समजायचं, हे मुरलेल्या कारकुनाला विचारावं.

या 'चांगल्या'नंच सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांचा घात केला. १९९३-९४च्या अहवालात त्यांना 'चांगला' शेरा मिळाला. बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही. कनिष्ठांना बढती मिळाली, हे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २००८मध्ये निकाल लागला: शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. एका शब्दासाठी चौदा वर्षं! तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं संपूर्ण अहवाल दाखवण्याचा नियम केला. महाराष्ट्रातही 'गोपनीय' जाऊन 'कार्यमूल्यमापन अहवाल' आला.

न्याय झाला, यात शंका नाही. पण न्यायालय शेरा दाखवायला लावू शकतं, साहेबाला बोलायला लावू शकत नाही. शेरा वाचला जाणार, त्यावर अर्ज येणार, हे कळल्यावर लिहिणाऱ्याचा हात गुळगुळीत होतो. सगळ्यांनाच वरची श्रेणी देऊन टाकली की कटकट नाही. अशा अहवालातून कोणी काय शिकावं?

ही अडचण अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगरनं १९५७मध्येच ओळखली होती. हाताखालच्या माणसाचा न्यायनिवाडा करायला व्यवस्थापक कचरतात, कारण ते त्यांना देवाच्या आसनावर बसल्यासारखं वाटतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे १९७०च्या दशकाच्या मध्यावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांना मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावलं. त्यांनी सांगितलं की माणसाला घडवणं आणि त्याची पगारवाढ-बढती ठरवणं ही कामं वेगळी ठेवा. त्यातूनच तिथे मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मला हा सल्ला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो, आणि आजही सर्वांत कमी पाळला जाणारा. पगारवाढ टांगणीला असताना कोणता माणूस कबूल करेल की अमुक काम आपल्याला जमत नाही?

उलट खासगी कंपन्यांनी मधल्या काळात माणसांची टक्केवारीच ठरवून टाकली: इतके वरचे, इतके मधले, इतके काढून टाकण्याजोगे. जॅक वेल्च यांच्या जनरल इलेक्ट्रिकमधून ही साथ जगभर गेली. मायक्रोसॉफ्टनं तिला २०१३मध्ये रामराम ठोकला. तिच्यावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

नवे ऑनलाइन अर्ज, नव्या श्रेणी यांनी फरक पडेल असं मला वाटत नाही. दुकानदाराचा वेळेवरपणा घ्यायचा, पण बोलायचं बाजूला बोलावून, आणि पगाराचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, एवढं केलं तरी पुष्कळ. तुम्ही कोणाचे अहवाल लिहीत असाल तर एक विनंती आहे: येत्या मार्चमध्ये त्यात असं एकही वाक्य लिहू नका, जे त्या माणसानं आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं नाही.